साने गुरुजींनी शाळेत शिकवलं फक्त सहा वर्षं

२०२३ च्या जूनचा दुसरा आठवडा खान्देशातल्या लोकांच्या लक्षात असेल. अमळनेरात दोन गटांत दगडफेक झाली, धरपकड झाली, संचारबंदी लागली. दुकानांची शटर खाली आणि चौकाचौकांत पोलीस. त्याच आठवड्यात ११ जून येतो, साने गुरुजींचा स्मृतिदिन. ज्या गावात हा माणूस मास्तर झाला, जिथे त्याला लोक 'गुरुजी' म्हणायला लागले, तिथे हे घडलं.

आठ महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याच अमळनेरात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. संमेलनाच्या नगरीला नाव अर्थातच साने गुरुजींचं. स्वागतकमानी, ग्रंथदिंडी, भाषणं, सगळं झालं.

या दोन्ही प्रसंगांच्या मधल्या काळात एक प्रश्न कानावर येत राहिला. "एवढं गुरुजी गुरुजी करता भाऊ, मग त्यांच्या शिकवणीचा उपयोग काय झाला?"

प्रश्न खोचक आहे, पण गैर नाही. त्याचं उत्तर पुतळ्याला हार घालून मिळणार नाही. आपण 'मातृहृदयी' हा एकच शब्द लक्षात ठेवला आणि गुरुजींनी नेमकं काय केलं, कसं केलं, ते विसरून गेलो. द्वेषाविरुद्ध एक शिक्षक काय करू शकतो, याचा आपल्या मातीतला सगळ्यात ठळक दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हणून ही पोस्ट जरा लांब झाली आहे. सवडीनं वाचा.

गुरुजी, म्हणजे पांडुरंग सदाशिव साने. जन्म २४ डिसेंबर १८९९, कोकणात दापोलीजवळच्या पालगडचा. घराणं खोताचं, पण वैभव गेलेलं. शिक्षण दापोली, औंध, पुणे असं ओढाताणीत झालं. खान्देशाशी नातं काहीच नाही. अमळनेरला ते आले तत्त्वज्ञान शिकायला. प्रतापशेठजींनी १९१६ मध्ये इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं होतं. एका गिरणीमालकानं तालुक्याच्या गावात तत्त्वज्ञानाची संस्था काढावी, हेच मुळात नवल. पण तिथल्या वेदान्ताच्या चर्चेत गुरुजींचं मन काही रमलं नाही. जून १९२४ मध्ये ते इथल्या हायस्कूलात शिक्षक म्हणून लागले. तेच आजचं प्रताप हायस्कूल.

एप्रिल १९३० च्या अखेरीला त्यांनी राजीनामा दिला आणि मिठाच्या सत्याग्रहात उडी घेतली.

आता हिशेब करा. १९२४ ते १९३०. शाळेतली मास्तरकी अवघी सहा वर्षं. पुढची वीस वर्षं तुरुंग, सभा, मोर्चे, वर्तमानपत्र आणि पुस्तकं यांत गेली. तरी लोकांनी त्यांना नेते म्हटलं नाही, संपादक म्हटलं नाही, गुरुजीच म्हटलं. त्या सहा वर्षांत असं काय होतं?

खरं काम वर्गात कमी आणि छात्रालयात जास्त झालं. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी गुरुजींकडे आली. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या सवयींची. आई-बापापासून लांब. त्या वयात पोरगं कुठेही वळतं. गुरुजींनी त्यांना आधी उपदेश केला नाही. पोरं शाळेत गेली की हे खोल्या झाडायचे, अंथरुणं घडी करून ठेवायचे, कंदिलाच्या काचा पुसायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे. कुणाला बोल लावणं नाही. चार दिवस पोरांना गंमत वाटली, मग लाज वाटायला लागली, मग पोरं स्वतः झाडू घ्यायला लागली. एखादा आजारी पडला तर रात्र रात्र उशाशी बसणार कोण, तर गुरुजीच.

दुसरी गोष्ट, जी मला पत्रकार म्हणून फार मोठी वाटते. गुरुजींनी छात्रालयातल्या मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिक चालवलं. नाव 'छात्रालय'. रोजच्या रोज, स्वतःच्या हातानं लिहिलेलं! त्यात देशात काय चाललंय, जगात काय चाललंय, थोरामोठ्यांच्या गोष्टी, नवी पुस्तकं आणि छात्रालयातल्या बारीकसारीक घडामोडीही. दिवसभर शिकवायचं, पोरांचं सगळं बघायचं आणि वर दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा मजकूर तयार ठेवायचा. आम्ही चार जण मिळून साप्ताहिक काढतो तेव्हा तोंडाला फेस येतो. पुढे १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' नावाचं छापील मासिकही काढलं.

आता थोडं थांबून विचार करा. कडवेपणा पोरांना का ओढतो? पुस्तक वाचून, विचार पटवून घेऊन फार थोडे जण जातात. बाकीच्यांना तीन गोष्टी मिळतात म्हणून ते जातात. एक, 'तू आमचा' म्हणणारं कुणीतरी. दोन, हाताला काम आणि त्या कामाचा मान. तीन, एक गोष्ट: आपण कोण, आपल्यावर कुणी अन्याय केला, आपण काय करायचं. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला या तीन गोष्टी जो देईल, त्याच्या मागे ते जातं. मग तो कुठल्याही रंगाचा झेंडा घेऊन उभा असो.

गुरुजींनी छात्रालयात याच तीन गोष्टी दिल्या. आपलेपणा दिला, तोही जात न विचारता. काम दिलं, झाडूपासून वर्तमानपत्रापर्यंत. आणि गोष्ट दिली. फक्त त्या गोष्टीत शत्रू म्हणून शेजारी उभा केला नाही. माझ्या मते गुरुजींच्या शिक्षणाचं मर्म इथे आहे. ते द्वेषाला उत्तर म्हणून भाषण देत नव्हते. द्वेष जिथे पोराला गाठतो, तिथे ते आधीच जाऊन बसलेले होते.

इथे एक गैरसमज काढून टाकू. गुरुजी म्हणजे मऊ, रडवे, कुणाला न दुखावणारे, असं चित्र आपण करून ठेवलं आहे. शांततेचा माणूस म्हणजे भांडण टाळणारा माणूस, असं आपण धरून चालतो. गुरुजींनी आयुष्यात एकही मोठं भांडण टाळलं नाही. इंग्रज सरकारशी भांडले, वारंवार तुरुंगात गेले. शेतसाऱ्यात सूट मिळावी म्हणून पूर्व खान्देशातल्या शेतकऱ्यांचे मोर्चे काढले. अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांच्या बाजूनं उभे राहिले, तेही ज्या गावात गिरणीमालकांच्या पैशावर संस्था चालत होत्या तिथे. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन झालं, त्यासाठी गावोगाव पायपीट केली. १९३८ मध्ये 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक काढलं. हा माणूस शांत होता, पण गप्प नव्हता.

तुरुंगात गेल्यावरही मास्तरकी सुटली नाही. १९३० मध्ये धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना त्रिचनापल्लीला हलवलं. खान्देशात मराठी शिकवणारा मास्तर तमिळ मुलखातल्या तुरुंगात. आजूबाजूला वेगवेगळ्या भाषा बोलणारे राजबंदी. सगळे एकाच कारणासाठी आत आलेले, पण एकमेकांच्या भाषेतला एक कवी माहीत नाही, एक सण माहीत नाही. गुरुजी तिथे तमिळ शिकले आणि तिरुवल्लुवरांचा 'कुरळ' त्यांनी मराठीत आणला. आपण एका देशाचे म्हणवतो आणि एकमेकांना ओळखत नाही, ही बोच तिथली. तिचं पुढे काय झालं ते येईलच.

१९३२ मध्ये पुन्हा धुळ्याचा तुरुंग. तिथे विनोबा होते. फेब्रुवारी ते जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, एकूण अठरा. कैद्यांमध्ये बसून ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. 'गीता प्रवचने' हे पुस्तक आज देशातल्या कितीतरी भाषांत आहे. ते आहे, कारण धुळ्याच्या तुरुंगात एक मास्तर वही घेऊन बसला होता.

मग नाशिकचा तुरुंग. फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली गेली. या पुस्तकावर आपण इतके रडलो की ते कशाबद्दल आहे हे बघायचं राहून गेलं. त्यात एका म्हाताऱ्या महारणीची गोष्ट आहे. तिला मोळी डोक्यावर घेता येत नाही, आणि श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. म्हणजे आई रूढी पूर्ण मोडत नाही, पण माणुसकी रूढीच्या आधी ठेवते. त्या काळातल्या कोकणातल्या ब्राह्मणाच्या घरातली ही गोष्ट आहे. गुरुजींनी आईला क्रांतिकारक करून दाखवलं नाही. होती तशी दाखवली आणि वाचणाऱ्याला एक पाऊल पुढे ढकललं. वाचणाऱ्याला आपल्याच आईची आठवण येते, म्हणून तो चिडत नाही, ऐकून घेतो. चांगला शिक्षक पोराला त्याच्या जागेवरून हलवतो, पण आधी त्याच्या जागी जाऊन बसतो.

त्यांच्या आणखी एका पुस्तकाकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. 'भारतीय संस्कृती' सगळ्यांना माहीत आहे. पण गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' नावाचंही पुस्तक लिहिलं. त्यात पैगंबरांचं चरित्र आहे, अरबस्तानाचा इतिहास आहे. ते त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. विचार करा, भस्म-गंधाच्या घरात वाढलेला, गीतेची प्रवचनं उतरवून घेणारा हा माणूस. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याच्या ईदला शीरखुर्मा आपण पितो, पण त्याचा धर्म काय सांगतो ते वाचायचं कष्ट घेत नाही, हे त्यांना खुपत होतं. दंगलीच्या आदल्या दिवशी जी अफवा पसरते ती कशावर पसरते? शेजाऱ्याबद्दलच्या आपल्या अज्ञानावरच पसरते.

अमळनेरसारख्या गावाला तर हे जास्तच लागू. बोरी नदीकाठी सखाराम महाराजांची वाडी आहे, वारकरी परंपरा आहे. याच गावात १९४५ मध्ये महंमद हुसेन हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाचा कारखाना टाकला, तीच पुढची विप्रो. गिरणीत सगळ्या जातिधर्मांची माणसं एका भोंग्यावर कामाला जायची. हे गाव एकमेकांवाचून कधीच चाललेलं नाही.

आता १९४७. देश फाळणीच्या आगीत होरपळत होता. सगळ्यांचं लक्ष हिंदू-मुसलमान प्रश्नाकडे. आणि गुरुजींनी काय विषय काढला? पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं करा. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, आणि चोखोबांच्या लेकरांना आत मज्जाव. ज्या देवाला सगळे माउली म्हणतात त्याच्या दारात ही तऱ्हा.

गुरुजींनी प्राणांतिक उपोषण करायचं ठरवलं. पण लगेच बसले नाहीत. आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा केला. सोबत सेनापती बापट, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक. गावोगाव सभा, गाणी, पोवाडे. अनेक गावांनी आपली देवळं आणि पाणवठे खुले केले. ही लोकशिक्षणाची मोहीमच होती, अख्खा महाराष्ट्र हा वर्ग. त्यानंतर १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. गांधीजींनाही हा उपास पटला नव्हता, थांबवावा असा निरोप त्यांच्याकडून आला. गुरुजी थांबले नाहीत. १० मेला तोडगा निघाला, उपोषण सुटलं आणि मंदिराची वाट मोकळी झाली.

हेही लक्षात ठेवायला हवं की बाबासाहेबांनी तोवर मंदिरप्रवेशाचा रस्ता सोडून दिला होता. काळारामच्या सत्याग्रहात पाच वर्षं घालवून १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली होती. देऊळ उघडल्यानं दलितांचं पोट भरणार नव्हतं, हे खरंच. पण गुरुजींचं उपोषण दलितांवर उपकार म्हणून नव्हतं. ते सवर्णांच्या शिक्षणासाठी होतं. दुसऱ्याच्या घरातला कडवेपणा दाखवणं सोपं असतं. त्यानं टाळ्या मिळतात. आपल्या घरातला दाखवला की दगड येतात. गुरुजी आधी आपल्या घराकडे वळले.

आणि मग ३० जानेवारी १९४८.

गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी. एवढंच नाही, मारणारा संपादक. नथुराम गोडसे पुण्यात 'अग्रणी' हे दैनिक चालवायचा, त्याचंच पुढे 'हिंदू राष्ट्र' झालं. आम्हा पत्रकारांच्या कार्यक्रमांत दर्पणकारांचं नाव घेतलं जातं, टिळक-आगरकरांचं घेतलं जातं. पण ही गोष्ट आम्ही बोलत नाही की मराठी पत्रकारितेच्या घरातून एक पिस्तूलही निघालं होतं. लेखणी माणसाला काय करू शकते याचा तो दाखला आहे. रोज रोज तेच विष लिहिलं की आधी ते लिहिणाऱ्यालाच चढतं.

खुनानंतर महाराष्ट्रात उलटी आग लागली. पुणे, सातारा, कोल्हापूर, सांगली भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता अशी कुटुंबं रात्रीत उघड्यावर आली. अहिंसेच्या माणसासाठी हिंसा! एकाच्या गुन्ह्याची शिक्षा त्याच्या जातीला द्यायची, ही रीत तेव्हापासून आजतागायत आपल्याला सोडवत नाही.

गुरुजी आतून मोडले. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचा उपवास केला. स्वतः काहीही न करता प्रायश्चित्त कशाचं? तर आपण शिक्षक, आपण लेखक, आणि आपल्याच समाजातून हे निघालं, ही जबाबदारी. "आमचा काय संबंध" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. बरेच जण झालेही.

उपवास संपल्यावर त्यांनी काय केलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी वर्तमानपत्र काढलं. आधी 'कर्तव्य' नावाचं सायंदैनिक. ते काही महिन्यांतच बंद पडलं. मग १५ ऑगस्ट १९४८ ला, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, 'साधना' साप्ताहिक. ते आजही पुण्यातून निघतं. त्यातून त्यांनी पुतणी सुधाला पत्रं लिहिली. 'सुंदर पत्रे' म्हणून ती पुढे पुस्तकरूपानं आली. पत्रं एका मुलीला, पण वाचणार महाराष्ट्रातली सगळी पोरं. फुलं, पाखरं, पाऊस, माणसं, पुस्तकं. खुनाच्या आणि जाळपोळीच्या वर्षात एक माणूस पोरांना पावसाबद्दल लिहितोय, हे कुणाला भाबडं वाटेल. मला नाही वाटत. ज्या पोराला पाखराचं नाव माहीत आहे, ज्याला पाऊस बघायची सवय आहे, त्याच्या मनात रिकामी जागा कमी असते. द्वेषाला लागते ती रिकामी जागा.

दोन मराठी संपादक, एकाच काळातले. दोघंही तरुणांशी बोलत होते. एकाचं पत्र फाशीच्या दोरापाशी संपलं. दुसऱ्याचं पंचाहत्तरी ओलांडून चालू आहे. इतिहासानं निकाल दिला की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगातली ती बोच १९४९ मध्ये वर आली. पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात गुरुजींनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. रवींद्रनाथांनी विश्वभारती उभारून जग एका ठिकाणी आणायचा प्रयत्न केला, तसा आपण निदान भारत एका ठिकाणी आणू. वेगवेगळ्या प्रांतांतली मुलं एकत्र राहतील, एकमेकांच्या भाषा शिकतील, एकमेकांचं साहित्य आपापल्या भाषेत नेतील. थोडक्यात, अमळनेरचं छात्रालयच, पण देशाच्या मापाचं. कल्पना होती साधी: ज्याच्या ताटात आपण जेवलो, ज्याची भाषा तोडकीमोडकी का होईना आपण बोललो, त्याच्यावर दगड उचलताना हात जड होतो.

यासाठी ते पैसे गोळा करत होते, लिहीत होते, फिरत होते. पण आंतरभारतीची ती शाळा त्यांच्या हयातीत उभी राहिली नाही. ११ जून १९५० ला गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. कारणांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालणार नाही. त्या मृत्यूला कुणी त्यागाचा मुलामा देऊ नये एवढंच म्हणेन. तो तोटाच होता. सगळ्यांच्या उशाशी बसणाऱ्या माणसाच्या उशाशी बसणारं कुणी हवं होतं. तुमच्या ओळखीत कुणी असं आतून खचलेलं असेल, तर आजच त्याच्याकडे जा, त्याला बोलतं करा, डॉक्टरकडे घेऊन जा.

त्यांच्या मागे काम थांबलं नाही. यदुनाथ थत्त्यांनी 'साधना' आणि आंतरभारतीचं काम वर्षानुवर्षं चालवलं. माणगावजवळ वडघरला साने गुरुजींचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं. शाळाशाळांत प्रार्थनेला गुरुजींची कविता म्हटली जाते. ती तुम्हाला-मला पाठ आहे. दगड उचलणाऱ्यालाही पाठ असणार, कारण शाळेत तोही गेलेला आहे.

तर मग तो सुरुवातीचा प्रश्न. उपयोग काय झाला?

माझं उत्तर असं आहे. आपण गुरुजींची कविता पाठ केली आणि त्यांचं काम सोडून दिलं. गुरुजींनी जे केलं त्यात पाठांतर सगळ्यात कमी होतं. खोली झाडणं होतं, रात्री आजारी पोरापाशी बसणं होतं, रोजचं हस्तलिखित होतं, शेजाऱ्याच्या धर्माचा अभ्यास होता, आपल्याच देवळाच्या दारात उपाशी बसणं होतं. यातलं आज कोण करतं? शिक्षकांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, वरून एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. पोरापाशी बसायला त्याला वेळ आपणच ठेवला नाही. आणि ती रिकामी जागा भरायला मोबाइल तयार आहे. व्हॉट्सअॅपचा ग्रुप पोराला 'तू आमचा' म्हणतो, फॉरवर्ड करायचं काम देतो आणि गोष्टही सांगतो. तिन्ही गोष्टी फुकट, चोवीस तास.

पोलीस दगडफेक थांबवतात. ते त्यांचं काम आहे आणि ते करतात. पण दगड उचलायच्या आधीची जी चार-पाच वर्षं असतात, तिथे पोलीस नसतो. तिथे आई-बाप असतात, मास्तर असतो, गल्लीतला एखादा मोठा भाऊ असतो. गुरुजींचं सगळं आयुष्य त्या चार-पाच वर्षांत काम करण्यात गेलं.

म्हणून गावातल्या मंडळींपुढे दोन-तीन साध्या गोष्टी ठेवतो. ज्यांच्या हातात शाळा आहे त्यांनी एक भित्तिपत्रक सुरू करावं, मुलांच्या हातचं, आठवड्याला एक. खर्च कागद आणि खडूचा. बातमी म्हणजे काय आणि अफवा म्हणजे काय, हे पोराला त्यातून जेवढं कळेल तेवढं भाषणातून कळणार नाही. शिकवायला पत्रकार लागले तर आम्ही येऊ, फुकट येऊ. वाचनालयांनी 'भारतीय संस्कृती'च्या शेजारी 'इस्लामी संस्कृती' ठेवावी आणि दोन्ही वाचणाऱ्या पोरांच्या गप्पा ठेवाव्यात. आणि ११ जूनला हार घालून झाला की त्याच दिवशी दोन वस्त्यांतल्या शाळांची सहल एकत्र काढायचं ठरवावं. वर्षातून एकदा जरी झालं तरी चालेल.

आणि एक विनंती. गुरुजींच्या छात्रालयात राहिलेली ती पिढी आता हयात नाही. पण त्यांची लेकरं-नातवंडं अमळनेर, पारोळा, चोपडा, एरंडोल, धरणगाव, धुळे या भागांत आहेत. तुमच्या घरात आजोबांची जुनी पेटी असेल, ट्रंक असेल, माळ्यावर कागदांचं गाठोडं असेल, तर रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघा. गुरुजींचं एखादं पत्र, 'विद्यार्थी'चा एखादा अंक, छात्रालयातला एखादा फोटो असू शकतो. सापडलं तर मला कळवा. वस्तू तुमच्याच घरी राहील, मी फक्त फोटो काढून, माहिती लिहून घेईन. आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील तर त्याही सांगा, दोन ओळींच्या असल्या तरी.

ती आठवण पुढच्या ११ जूनला आपण पोरांना वाचून दाखवू. पुतळ्यापाशी नाही, शाळेच्या वर्गात.